कळून घ्यावं की झाकली मूठ ठेवावी?

या वेळी आलेल्या पत्रांतल्या सहा पत्रांचा विषय आतून एकच निघाला. पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की माणूस कधी माहितीच्या मागे धावत सुटतो, तर कधी समोर आलेल्या माहितीकडेही पाठ फिरवतो. कधी काय करावं, आणि मुळात आपण तसं का करतो, हे त्या सहाही जणांनी विचारलं आहे.

प्रश्न : परीक्षेचा निकाल तीन आठवड्यांनी लागणार आहे. तारीख जाहीर झाली आहे, तरी मी दिवसातून वीस-वीसदा संकेतस्थळ उघडून बघते. माझी मैत्रीण त्याच परीक्षेला बसली होती. ती निकालाचं नावही काढत नाही, दुसऱ्या कोणी काढलं तर विषय बदलते. आमच्यात चुकतंय कोण?

उत्तर : कोणीच नाही. जीव दोघींचाही टांगणीला लागलाय, तऱ्हा तेवढी वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ सुझान मिलर यांनी १९८०च्या दशकात हा फरक मोजून दाखवला. धोक्याची चाहूल लागली की काही माणसं सारखा कानोसा घेत राहतात, काही सरळ कानाडोळा करतात. एका वैद्यकीय तपासणीआधी त्यांनी काही रुग्णांना भरपूर माहिती दिली, काहींना जुजबी. कानोसा घेणारे भरपूर माहितीने शांत राहिले आणि कानाडोळा करणारे जुजबी माहितीने. उलट जोडी जमली तिथे शरीराचा ताण वाढला. म्हणून मैत्रिणीला 'बघ ना एकदा' म्हणून डिवचू नका, आणि तिच्यासारखं होण्याचा प्रयत्नही करू नका.

आता वीसदा बघण्याबद्दल. २०१६ साली लंडनमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका बसणार हे नक्की असताना ताण सर्वांत जास्त असेल असं वाटतं ना? तो सर्वांत जास्त निघाला शक्यता निम्मी-निम्मी असताना. खात्रीच्या वाईटापेक्षा 'होईल की नाही होणार' हेच जास्त छळतं. संकेतस्थळ उघडलं की दोन क्षण वाटतं, आपण काहीतरी करतोय. तेवढ्या दिलाशासाठी हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो.

पण तुमच्या बाबतीत त्या बघण्यात माहिती शून्य आहे, कारण तारीख ठरलेली आहे. तेव्हा तीन गोष्टी करा. निकाल कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मार्गाने कळणार हे एकदाच पक्कं करून कागदावर लिहा. बैठक क्रमांकही तिथेच लिहून ठेवा. तारीख पुढे ढकलली जाण्याची शक्यता असेल तर दिवसातून एक ठरावीक वेळ बघण्यासाठी ठेवा, सकाळी उठल्याउठल्या किंवा झोपण्याआधीची मात्र नको. उरलेल्या वेळी मनात विषय आला की एक शब्द टिपून ठेवा आणि त्याचा विचार रोज एकाच जागी बसून अर्ध्या तासात उरका. काळजीला वेळ आणि जागा नेमून देण्याची ही रीत १९८३मध्ये थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी तपासली होती, आणि काळजीत जाणारा वेळ तिने खरोखर कमी झाला होता. ती फसते ती बहुतेक एकाच ठिकाणी. लोक काळजी बाजूला सारतात, पण नेमलेल्या वेळी बसतच नाहीत. मग मनाला ही पळवाट आहे हे कळतं आणि काळजी दिवसभर पसरते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या उमेदवारांचा केट स्वीनी यांनी अभ्यास केला, तेव्हा काळजी सुरुवातीला आणि अगदी शेवटी जास्त आणि मधे कमी अशी दिसली. शेवटच्या आठवड्यात पोटात गोळा आला तर उपाय फसला असं समजू नका.

प्रश्न : वडिलांना हंटिंग्टनचा आजार (मेंदू हळूहळू निकामी करणारा, पूर्ण बरा न होणारा आनुवंशिक आजार) आहे. भाऊ म्हणतो, चाचणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. मला नको वाटतं. मी भित्री आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या स्थितीतले बहुसंख्य लोक हेच करतात. या आजाराचं जनुक १९९३मध्ये सापडलं आणि थेट चाचणी शक्य झाली. त्याआधी विचारलं असता पुष्कळ जण 'आली की करून घेऊ' म्हणत होते. प्रत्यक्षात आली तेव्हा पुढे झाले ते थोडेच. डीएनएच्या रचनेच्या शोधात वाटा असलेले जेम्स वॉटसन यांनी २००७मध्ये स्वतःचा सगळा जनुकसंच जगापुढे ठेवला, पण अल्झायमरचा धोका सांगणारं एक जनुक झाकायला लावलं, स्वतःलाही ते कळू नये म्हणून. (शेजारच्या जनुकांवरून झाकलेल्याचा अंदाज बांधता येतो हे पुढे इतर संशोधकांनी दाखवलं आणि आजूबाजूचा बराच मोठा भागही झाकावा लागला.) न जाणण्याचा हक्क युनेस्कोच्या १९९७च्या मानवी जनुकसंचाविषयीच्या जाहीरनाम्यातही मान्य केलेला आहे.

निर्णयाआधी चाचणी नेमकं काय सांगते ते पाहा. हंटिंग्टनच्या जनुकात सीएजी हा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो ते मोजतात. २६ किंवा कमी असेल तर आजार नाही. ४० किंवा जास्त असेल तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसाला आजार होतोच. ३६ ते ३९ असेल तर होईलही, नाहीही. २७ ते ३५ मध्ये स्वतःला होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. म्हणजे 'सोक्षमोक्ष' प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही. आणि आजार कोणत्या वर्षी सुरू होईल हे ४०च्या वरचा आकडासुद्धा एका माणसापुरतं नेमकं सांगत नाही.

नातेवाइकांचं गणितही नीट समजून घ्या, इथे गैरसमज फार. तुमची आणि भावाची शक्यता प्रत्येकी निम्मी आहे आणि ती एकमेकांवर अवलंबून नाही. त्याचा निकाल चांगला आला म्हणून तुमचा वाईट येणार, असं काही नसतं. त्याने चाचणी केली तरी तुमचं गुपित तुमच्याजवळच राहतं. अपवाद जुळ्यांचा, तेही एकाच बीजांडातून झालेल्या. मात्र पुढे तुमच्या मुलाने किंवा मुलीने चाचणी केली आणि तिच्यात वडिलांकडचं सदोष जनुक निघालं, तर तुमचंही उत्तर आपोआप उघड होतं. हे घरात आधीच बोलून ठेवा.

भावाच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. १९९२मध्ये कॅनडातल्या अभ्यासात, ज्यांना धोका कमी असल्याचं कळलं ते वर्षभराने सुधारलेले होतेच. पण ज्यांना धोका जास्त असल्याचं कळलं त्यांचीही मानसिक स्थिती, काहीच न कळलेल्यांपेक्षा बरी होती. 'मन चिंती ते वैरी न चिंती' याचा हा एका परीने पुरावा. पण ही मंडळी आपणहून आली होती आणि त्यांना समुपदेशन मिळालं होतं. हाताला धरून ओढत आणलेल्या माणसाला हा निष्कर्ष लावता येत नाही.

म्हणून भावाला चाचणी करायची असेल तर क्रम असा हवा. आधी आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी भेट. माहिती मिळाल्यावर निर्णयाला किमान महिनाभर. सोबतीला एक माणूस, शक्यतो ज्याला स्वतःला हा धोका नाही असा, म्हणजे ते काम तुम्ही करू नये. निकाल समोरासमोर, फोनवर किंवा टपालाने नाही. आणि पाकीट उघडायच्या क्षणापर्यंत 'नको' म्हणण्याची मुभा. विम्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. ते रक्त देण्याआधी विचारायचे, नंतर विचारून उपयोग नाही.

तुमच्यासाठी एकच कसोटी. एका कागदावर दोन रकाने करा, 'हो आलं तर' आणि 'नाही आलं तर'. लग्न, मूल, शिक्षण, कामधंदा, राहण्याची जागा यांत पुढच्या तीन वर्षांत काय वेगळं कराल ते दोन्हींत लिहा. दोन्ही रकाने सारखेच भरले, तर आज न कळण्याने तुमचं काही बिघडत नाही. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ते सहसा सारखे राहत नाहीत. तेव्हा पुन्हा बसा. ज्या आजारात लवकर कळल्यावर उपचार किंवा नियमित तपासणी यांनी फरक पडतो, तिथे मात्र हे उत्तर आम्ही दिलं नसतं. तिथे टाळण्याची किंमत खरोखरची असते.

प्रश्न : शेअर बाजार वर असला की मी दिवसातून चारदा खातं बघतो. खाली गेला की आठवडा-आठवडा उघडत नाही. असं का?

उत्तर : मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच हे. अर्थशास्त्रात याला शहामृगाचं नाव मिळालं आहे (खरा शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं). कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९मध्ये गुंतवणूकदारांच्या नोंदी तपासल्या, तर बाजार चढताना लोक खातं जास्त वेळा उघडत होते आणि पडताना कमी. तोटा झालाय हे तुम्हाला बातम्यांवरून माहीतच असतं. टाळायचा असतो तो नेमका आकडा, कारण तो बघितला की मोठा वाटतो.

दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ही सवय फारशी घातक नाही. रोज बघणाऱ्याला तोटा जास्त वेळा दिसतो आणि घाबरून विकायची हुक्की येते. घातक आहे तो एकांगीपणा. चढताना बघायचं आणि पडताना नाही, यामुळे आपण आहोत त्यापेक्षा हुशार वाटू लागतो. तिमाहीतून एक तारीख ठरवा आणि बाजार कसाही असो, त्या दिवशी उघडा. उघडण्याआधी लिहून ठेवा की शेअर आणि रोखे यांचं प्रमाण ठरवल्यापेक्षा किती टक्के सरकलं तर हलवायचं; पाच टक्के हा बऱ्याच जणांचा आकडा आहे. कर्जाचे हप्ते, थकबाकी, कराची नोटीस यांना मात्र हा नियम लावू नका. तिथे पाकीट न उघडल्याने व्याज थांबत नाही.

प्रश्न : कुठलीही मोठी वस्तू घ्यायची तर मी आठवडेच्या आठवडे लोकांची मतं वाचत बसते. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो.

उत्तर : ट्वर्स्की आणि शाफिर यांचा १९९२चा प्रयोग तुमच्यासाठीच असावा. विद्यार्थ्यांना कल्पना करायला सांगितली : अवघड परीक्षा झाली आहे आणि स्वस्तातली सहल घ्यायची संधी आहे. पास झालो असं धरून ५४ टक्क्यांनी सहल घेतली. नापास झालो असं धरून ५७ टक्क्यांनी. निकाल अजून कळायचा आहे असं धरलं, तेव्हा घेणारे उरले ३२ टक्के, आणि ६१ टक्के म्हणाले, निकालापर्यंत थांबता यावं म्हणून आम्ही वर ५ डॉलर देऊ. उत्तर काहीही आलं तरी बहुतेकांनी सहल घेतलीच असती, तरी ते कळेपर्यंत पाऊल उचलवत नव्हतं. निर्णयाला कारण हवं असतं. अनिश्चिततेत ते सापडत नाही, म्हणून आपण माहिती गोळा करत बसतो.

पुढचं मत वाचण्याआधी दोन अंदाज करा. त्याने माझी निवड बदलण्याची शक्यता किती? आणि बदललीच तर माझा किती त्रास वाचेल? शक्यता शंभरात पाच आणि वाचणारा त्रास दहा तासांचा असेल तर सरासरी कमाई अर्ध्या तासाची होते. तिच्यासाठी तीन तास घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. सुरुवातीच्या पाच-सहा मतांत ही कमाई मोठी असते, पुढे झपाट्याने घटते, आणि परस्परविरोधी मतं येऊ लागली की शून्यावर येते, कारण तोपर्यंत तुम्ही वस्तूपेक्षा लिहिणाऱ्यांच्या स्वभावाविषयीच वाचत असता.

व्यवहारात असं करा. वाचायला बसण्याआधी 'हे नसेल तर नकोच' अशा जास्तीत जास्त तीन अटी लिहा. अटी पुऱ्या करणाऱ्या तीन वस्तू सापडल्या की शोध बंद. त्या तिघींची फक्त वाईट मतं वाचा, प्रत्येकीची दहा. एकच बिघाड तीन-चार जणांनी सांगितला असेल तर ती बाद. दोन उरल्या आणि तरीही ठरेना, तर दोघी जवळपास सारख्या आहेत एवढाच त्याचा अर्थ, नाणं उडवा. वस्तू परत करता येत असेल तर इतकंही करू नका.

प्रश्न : यजमान रोज रात्री इंटरनेटवर आजारांची लक्षणं शोधत बसतात. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलंय. मला सारखं विचारतात, 'काही नसेल ना?' मी 'नाही हो' म्हणते, दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

उत्तर : तुमचं 'नाही हो' हेच त्या चक्राचं वंगण आहे. रागावू नका, सगळ्यांच्या घरी असंच होतं. उत्तर मिळालं की बरं वाटतं, बरं वाटल्यामुळे विचारण्याची सवय पक्की होते, आणि शंभर टक्के खात्री कोणाकडेच नसल्यामुळे शंका परत येते. काही माणसांना अनिश्चितता इतरांपेक्षा जास्त झोंबते. ते मोजायला मानसशास्त्रात स्वतंत्र प्रश्नावल्याही आहेत. सध्या वापरात असलेली छोटी प्रश्नावली १२ विधानांची आहे.

इंटरनेटवर खात्री का मिळत नाही, त्याचं गणित त्यांना एकदा शांतपणे मांडून दाखवा. समजा, एक आजार हजारात दहा जणांना असतो, आणि त्याचं एक लक्षण त्या दहांपैकी नऊ जणांत दिसतं. तेच लक्षण निरोगी ९९० जणांपैकी नऊ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८९ जणांना, काही कारण नसतानाही जाणवतं. एकूण ९८ जणांना लक्षण. आजारी त्यातले नऊ. 'आजार असलेल्या दहातल्या नऊ जणांत हे दिसतं' असं वाचून माणूस हबकतो, पण लक्षण असलेल्यांपैकी आजारी असतात जेमतेम नऊ टक्के. ही आकडेवारी समजावण्यापुरती घेतली आहे. रचना मात्र बहुतेक सामान्य लक्षणांची अशीच असते.

आता उपाय. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून 'नक्की काही नाही ना' याऐवजी 'काय बदललं तर परत यायचं' याची यादी घ्या : कोणतं लक्षण, किती दिवस, किती तीव्र. ती फ्रिजवर लावा. यादीतलं काही घडलं तर लगेच जायचं, शोधत बसायचं नाही. यादीबाहेरची शंका आली तर शोध लांबवायचा : पहिला आठवडा दहा मिनिटं, दुसरा वीस, तिसरा चाळीस. मुदत संपल्यावर शोधायची मुभा असते, पण बहुतेकदा तोवर ओढ ओसरते. एकदम बंदी घातली की लपूनछपून शोध सुरू होतो, आणि ते जास्त वाईट.

तुमचं उत्तर दोघांनी मिळून, ते शांत असताना ठरवा. उदाहरणार्थ, 'ही काळजी बोलतेय, यादीत नाही ना ते?' एवढंच, दर वेळी तेच, आवाज न चढवता. पहिले काही दिवस ते जास्त विचारतील. त्या वेळी एकदा जरी 'नाही हो, काही नाही' निसटलं, तर जास्त विचारलं की मिळतं हे पक्कं होतं. रोजचा तासाहून अधिक वेळ यात जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ गाठा. वर्तन आणि विचार यांवर काम करणारे उपचार यावर चांगले लागू पडतात.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. 'काही शंका?' विचारलं की वर्ग गप्प. मुलांना काहीच जाणून घ्यायचं नसतं का?

उत्तर : पूर्ण अज्ञानातून कुतूहल येत नाही, हे इथे कळीचं आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४मध्ये मांडलं की कुतूहल म्हणजे ठाऊक असलेलं आणि ठाऊक व्हावंसं वाटणारं यांच्यातली फट दिसणं. फट दिसायला थोडं तरी ठाऊक हवं. २००९मध्ये लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून पाहिलं, तेव्हा जिथे उत्तर अर्धवट माहीत होतं तिथे कुतूहल सर्वांत जास्त निघालं. अजिबात माहीत नव्हतं किंवा पक्कं माहीत होतं तिथे कमी. आणि कुतूहल जास्त होतं ती उत्तरं नंतर जास्त लक्षात राहिली.

'काही शंका?' हा प्रश्न शेवटी येतो, जेव्हा एक तर सगळं समजलेलं असतं किंवा काहीच समजलेलं नसतं. तो सुरुवातीला आणा, आणि अंदाजाच्या रूपात आणा. प्रयोग दाखवण्याआधी तीन पर्याय द्या, प्रत्येकाने वहीत एक लिहावा आणि शेजारी किती खात्री आहे ते शून्य ते दहात लिहावं. हात वर करायला लावू नका, मुलं हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद, आणि त्यानंतर प्रयोग. वर्गात बहुतेकांची खात्री चार ते सात असेल तर प्रश्न बरोबर निवडला असं समजा. सगळीकडे दहा किंवा सगळीकडे शून्य दिसलं तर त्या दिवशी तो प्रश्न सोडून द्या.

एक चूक हमखास होते : अंदाज चुकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर 'असं का वाटलं?' विचारणं. दुसऱ्या दिवसापासून ते मूल शेजाऱ्याची वही बघून लिहितं. त्याऐवजी चुकीच्या पर्यायाची बाजू तुम्हीच मांडा : 'हे उत्तर कोणाला का पटू शकेल?' म्हणजे ज्यांनी तो निवडला होता ते आपसूक बोलू लागतात.